आधी बुबुळ सापडू तर द्या

आधार काढताना तुम्हाला सांगितलं असेल, ‘डोळे मोठे उघडा, हलू नका.’ ते यंत्र डोळ्यांच्या अगदी जवळ असतं आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात फोटो घेतं. एवढी सोय केली, की बुबुळातली नक्षी स्वच्छ उमटते. जॉन डॉगमन यांनी १९९३ साली मांडलेली पद्धत ती नक्षी २०४८ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या खुणांत उतरवते आणि दोन डोळ्यांचे किती बिट जुळत नाहीत, ते मोजून माणूस ओळखते.

पण माणूस चालत असेल, पापणी अर्धी मिटलेली असेल, चष्म्यावर खिडकी चमकत असेल, तर? पोर्तुगालमधल्या बैरा इंटिरियर विद्यापीठाच्या हुगो प्रोएन्सा आणि लुईश अलेशांद्रे यांनी हा प्रश्न स्पर्धा म्हणून जगापुढे ठेवला. तिचं नाव ‘नाइस’. त्यासाठी त्यांनी २६१ जणांचे ११,१०२ फोटो जमवले होते. हे फोटो साध्या उजेडात, चार ते आठ मीटरवरून, माणसं चालत असताना काढलेले.

मला या स्पर्धेची आखणी फार आवडते. पहिल्या फेरीत हा डोळा कोणाचा, हे विचारलंच नाही. फोटोतला प्रत्येक ठिपका बुबुळाचा आहे की नाही, एवढंच सांगायचं. चमक, पापणी, केस सगळं वगळायचं. हाताने आखलेल्या नकाशाशी उत्तर ताडून पाहिलं जाई. चीनच्या विज्ञान अकादमीतला तिएनिऊ तान यांचा चमू पहिला आला. त्यांची चूक होती सुमारे १.३१ टक्के. आता जरा हिशेब करा. फोटो ४०० बाय ३००, म्हणजे १,२०,००० ठिपके. त्यातले साधारण १,५७० चुकले. हे प्रमाण अख्ख्या फोटोचं आहे आणि बुबुळ त्यातला छोटासा तुकडा असतो! विद्यार्थी टक्का वाचून खूश होतात, तेव्हा मी त्यांना आधी छेद विचारतो.

दुसऱ्या फेरीत ओळख पटवायची होती. इथे सगळ्यांना तेच फोटो आणि बुबुळाच्या त्याच सीमारेषा दिल्या. त्या पहिल्या फेरीतल्या विजेत्यांच्या पद्धतीनेच काढलेल्या. त्यामुळे निकालातला फरक ओळखण्याच्या पद्धतीचाच, बुबुळ शोधण्यातल्या कौशल्याचा नाही. इतकी प्रामाणिक तुलना आपल्या क्षेत्रात फार क्वचित होते.

ही फेरीही तान यांच्या चमूनेच जिंकली, पण नुसत्या बुबुळावर नाही. डोळ्याभोवतीच्या कातडीचा पोतही त्यांनी जमेस धरला. बुबुळ धूसर असलं, तरी शेजार बोलतो.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. आपले डोळे काळेभोर किंवा गडद तपकिरी. त्यातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य साधा उजेड शोषून घेतं आणि नक्षी झाकली जाते. अवरक्त प्रकाशात तीच नक्षी उघडी पडते, म्हणून आधारच्या यंत्रात तो प्रकाश आहे. तेव्हा साध्या कॅमेऱ्याने, लांबून बुबुळ ओळखलं असा दावा कोणी केला, की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: तपासलेल्या डोळ्यांत काळे किती होते?