सांपाचा काजू आणि फेब्रुवारीतली रोकड

नमस्कार मंडळी. घाना म्हटलं की कोको आणि सोनं, एवढंच आपल्या कानावर येतं. आज मी त्या देशाच्या पश्चिमेकडच्या एका जिल्ह्याबद्दल बोलणार आहे. जिल्ह्याचं नाव जामान नॉर्थ, मुख्य गाव सांपा. बोनो प्रांतात, आयव्हरी कोस्टच्या सीमेला अगदी खेटून. तुमच्यापैकी जे काजूचे कारखाने चालवतात त्यांनी घानाची बी फोडलेली आहे. पोत्यावर देशाचं नाव असतं, गावाचं नसतं. म्हणून त्या गावांचं कसं चालतं हे आज पाहू.

ही सीमा तशी अलीकडची. पूर्वी हा सगळा ग्यामान राज्याचा मुलूख, बोंदुकू त्याची राजधानी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज आणि फ्रेंचांनी तो वाटून घेतला. बोंदुकू फ्रेंचांकडे गेलं, सांपा इंग्रजांकडे आलं. नाफाना, कुलांगो, बोनो ही माणसं दोन्ही बाजूंना राहिली. सोयरिक दोन्हीकडे, शेतं दोन्हीकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काजू इथे मुख्य पीक झालं ते एका आपत्तीनंतर. 1983 साली घानात भयंकर दुष्काळ पडला आणि रानवणव्यांत या पट्ट्यातल्या कोकोच्या बागा जळाल्या. त्याच वर्षी नायजेरियाने दहा लाखांहून जास्त घानावासीयांना देशाबाहेर काढलं. तरणी माणसं गावी परतली, आणि गावात खायला नव्हतं. कोकोला सावली हवी, ओलावा हवा; तो पुन्हा उभा करणं अवघड होतं. काजू कमी पावसात, हलक्या जमिनीत तग धरतो. 1990 नंतर लागवड वाढत गेली, पुढे आफ्रिकन विकास बँकेच्या पैशातून काजू प्रकल्पही आला.

आता मुख्य मुद्दा. काजूचा पैसा वर्षातून एकदा येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाराकडून कोरडे वारे सुटतात, मोहोर येतो. जानेवारीच्या शेवटी बी पडायला लागते, मेपर्यंत चालते. जूनपासून पुढे हातात काही नाही. खर्च मात्र बारा महिन्यांचा: मुलांची शाळा, दवाखाना आणि अंत्यविधी. अकान समाजात (बोनो त्यातलेच) अंत्यविधी हा मोठा सार्वजनिक सोहळा असतो, तो टाळता येत नाही. म्हणजे मोहोर धरतो तेव्हा घर रिकामं असतं, आणि नेमका त्याच वेळी खरेदीदाराचा एजंट दारात येतो. तो आगाऊ रक्कम देतो आणि बदल्यात येणारी बी ठरवून घेतो. भाव त्याच दिवशी ठरतो. फेब्रुवारीत बाजार चढला तरी त्या शेतकऱ्याला तो मिळत नाही.

याहून वाईट प्रकार बाग गहाण टाकण्याचा. मोठी नड आली की अख्खी बाग काही हंगामांसाठी सावकाराच्या ताब्यात जाते. बी तो वेचतो, तो विकतो. व्याज नावाचा शब्द कुठे येत नाही, पण तीन हंगामांचं उत्पन्न आणि दिलेली रक्कम शेजारी मांडली तर कुठल्याही बँकेला लाज वाटेल असा दर निघतो. बागेची काळजी घेण्यात सावकाराला रस नसतो, त्यामुळे ती परत मिळते तेव्हा झाडं खंगलेली असतात.

बचतीची सोय नाही असं नाही. घानात ‘सुसू’ फार जुनी. आपल्याकडच्या पिग्मी एजंटासारखा माणूस रोज दुकानादुकानांत फिरून ठरलेली रक्कम गोळा करतो, महिनाअखेर परत देतो आणि एका दिवसाची रक्कम मेहनताना म्हणून ठेवतो. ग्रामीण बँका 1976 पासून आहेत. पण सुसू ही रोज थोडं कमावणाऱ्याची सोय. गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, विकणाऱ्या बाईला ती उपयोगी. वर्षातून एकदा कमावणाऱ्या बागायतदाराला त्यातून नोव्हेंबर काढता येत नाही.

तुम्हाला आउटटर्न सांगायला नको. ऐंशी किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल, यावर आयात बीची किंमत ठरते; एकेका पौंडासाठी तुम्ही फोनवर भांडता. शेतकऱ्याच्या अंगणात मात्र सरसकट किलोचा भाव असतो. दोन-तीन दिवस नीट वाळवलेली बी आणि कालच वेचलेली ओलसर बी, एकच भाव. उलट ओलसर बी जास्त भरते. मग वाळवायचं कशासाठी? आगाऊ घेतलेल्याला तर घाईच असते, आणि एजंटालाही दुसरा कुणी यायच्या आत पोती भरायची असतात. घानाच्या टेमा बंदरात कटिंग टेस्ट होते, म्हणजे नमुन्याची बी कापून आतला गर तपासतात, तेव्हा त्या बीच्या मालकाचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. आफ्रिकेतली बी ओली येते म्हणून आपण तक्रार करतो. तिचं मूळ या व्यवहारात आहे.

कोकोचं असं नाही. कोकोला 1947 पासून सरकारी मंडळ आहे, भाव हंगामाच्या सुरुवातीला जाहीर होतो. काजूसाठी ट्री क्रॉप्स डेव्हलपमेंट ऑथॉरिटी ही सरकारी संस्था आली ती 2019 च्या कायद्याने, तीही काजूसकट सहा पिकांसाठी मिळून. ती किमान भाव जाहीर करते, हे चांगलंच आहे. पण ज्याने नोव्हेंबरात पैसे घेतलेत, त्याला फेब्रुवारीतल्या किमान भावाचा काय उपयोग?

आणि सीमा. पलीकडचा आयव्हरी कोस्ट हा कच्च्या काजूचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक. तिथे सरकार शेतकऱ्याचा किमान भाव ठरवतं: 2024 च्या हंगामाला किलोमागे 275 सीएफए फ्रँक, 2025 ला 425. जमिनीच्या मार्गाने बी बाहेर न्यायला तिथे बंदी आहे. तो फ्रँक युरोशी बांधलेला, इकडचं घानाचं चलन सेडी मोकळं. 2022 च्या डिसेंबरात घानातली महागाई 54 टक्क्यांवर गेली होती, सेडी कोसळला होता. अशी दोन चलनं आणि दोन धोरणं दहा-वीस किलोमीटरवर समोरासमोर असतील तर पोती हलणारच. सांपाचा भाव वरचढ झाला की रात्री मोटरसायकलींवरून, पायवाटांनी बी इकडे येते आणि घानाची म्हणून टेमाला जाते. सरकारी भाषेत ही तस्करी. पण मामाच्या गावची बी भाच्याने आणली, तर दोघांनाही ती तस्करी वाटत नाही. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. भावासाठी झगडायचं त्यांच्याकडे तेवढंच एक साधन आहे.

जमिनीचा प्रश्न मला सर्वांत काळजीचा वाटतो. हा सुरणासारख्या कंदाचा, यामचा मुलूख. पूर्वी जमीन काही वर्षं कसून पडीक ठेवायचे, मग दुसरा तुकडा. काजूच्या कोवळ्या रोपांमध्ये पहिली तीन-चार वर्षं याम, मका, भुईमूग निघतो. नंतर फांद्या एकमेकींना भिडतात आणि खाली काही येत नाही. झाड तीस-चाळीस वर्षं उभं राहतं. तेवढी वर्षं ती जमीन झाड लावणाऱ्याची. जमीन कुळाची, वरचा हक्क मुखियाच्या गादीचा, आणि वारसा आईकडून, म्हणजे मामाची मालमत्ता भाच्याला. या व्यवस्थेत बाईला नवऱ्याच्या जमिनीवर धान्यापुरता तुकडा मिळायचा. तिथे काजू आला की तिचा तुकडा जातो. बागेत ती राबते, बी वेचते, पण झाडं नवऱ्याची, आणि तो गेला की भाऊबंद दावा सांगतात. 1985 च्या वारसा कायद्याने विधवेला आणि मुलांना वाटा दिला आहे. पण कुळाच्या जमिनीला तो लागू होत नाही. शेवटी जो जिल्हा इतरांना याम पुरवायचा, तिथल्या घरांत जुलैमध्ये याम विकत आणावा लागतो. कशाने? उसनवारीने. आणि उसनवारीची फेड पुढच्या बीतून. चक्र पुन्हा नोव्हेंबरवर येतं.

“मग त्यांनी तिथेच कारखाने का काढले नाहीत?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. काढले. त्यांतले कितीतरी बंद पडले. वर्षभराची बी तीन-चार महिन्यांत विकत घ्यावी लागते आणि घानात बँकेचं व्याज 2024 मध्ये तीस टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. तुम्ही आणि व्हिएतनामी व्यापारी स्वस्त कर्जाचा पैसा घेऊन उतरता, तेव्हा तिथला कारखानदार लिलावात टिकत नाही. 2016 मध्ये सरकारने कच्ची बी बाहेर न्यायला आवर घालायचं ठरवलं होतं. ओरड झाली ती शेतकऱ्यांचीच. खरेदीदार गेले तर भाव पडेल ही त्यांची भीती रास्त होती, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

इथे सिंधुदुर्गातले बागायतदारही बसले आहेत. आयातीमुळे तुमच्या बीचा भाव पडतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि हमीभावाची मागणी योग्यच आहे. फक्त सांपाचा शेतकरी स्वस्त विकून तुम्हाला पाडतो असं समजू नका. त्याची बी स्वस्त येते कारण ती मोहोरातच विकली गेलेली असते. त्याला नोव्हेंबर सुसह्य झाला, तर तुमच्यावरचा दाबही हलका होईल.

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे. बोनो प्रांतात काजू उत्पादकांच्या सहकारी संस्था आहेत. थेट त्यांच्याशी करार करा. आगाऊ रक्कम द्या, पण भाव बी ताब्यात घेतल्या दिवसाचा लावा, आणि कटिंग टेस्ट सांपातच, शेतकऱ्यासमोर करा. कोरड्या बीला जास्त भाव मिळतो हे त्याला एकदा दिसलं की तो वाळवेल. पैसे पाठवणं आता अवघड नाही. खेडोपाडी मोबाइल मनी पोचलं आहे, आणि त्यावरचा सरकारी ई-लेव्ही कर 2025 मध्ये रद्द झाला. बाईने वेचलेल्या बीचे पैसे तिच्या स्वतःच्या नंबरवर जमा करा, ही अट करारात घालणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.