मुस्तफा चालू ठेवणारी माणसं

(दृश्य: प्लायवूडचं जुनं कॅबिनेट, मागची फळी काढलेली. आत धूळ बसलेला बोर्ड.)

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यानं नाणं टाकलंय, त्याला मुस्तफा कोण हे सांगावं लागत नाही. धावत येऊन हवेत झेपावत मारलेली त्याची लाथ, पिंपं फोडून मिळवलेलं खाणं, मध्येच अंगावर धावून येणारे डायनोसॉर. या गेमचं छापील नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये काढला. निवडायला चार पात्रं होती: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. आपल्या पोरांचा जीव मुस्तफावर जडला आणि गेमही त्याच्याच नावानं ओळखला जाऊ लागला. एका मशीनवर तिघांना खेळता यायचं, त्यामुळे दोन मित्र आणि एक अनोळखी अशी टोळी तिथल्या तिथं जमायची.

आज हा गेम रीतसर विकत घ्यायचा म्हटलं तर मिळत नाही. घरच्या कुठल्याही कन्सोलवर तो अधिकृतपणे आलाच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमनं आपल्या मारामारीच्या सात जुन्या गेमचा संच बाजारात आणला. त्यात फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता, नाइट्स ऑफ द राउंड होता. मुस्तफा नव्हता. या गेमची पात्रं आणि त्यातलं जग कॅपकॉमच्या मालकीचं नाही. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवरून ते घेतलेलं आहे. शीर्षकातलं कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. गेम पुन्हा विकायचा तर एवढ्या सगळ्यांच्या सह्या एका कागदावर याव्या लागतात. तीस वर्षं झाली, तो कागद काही तयार झालेला नाही.

ही एकट्या मुस्तफाची गत नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेनं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० च्या आधी त्या देशात आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. हे त्या देशाचं, जिथं संग्रहालयं आहेत, संस्था आहेत, पैसा आहे.

(दृश्य: बोर्ड जवळून. कॅमेरा एका लहान बॅटरीवर थांबतो.)

आता बोर्डाकडे बघू. मुख्य काम मोटोरोलाच्या ६८००० या प्रोसेसरचं. चित्रं, नकाशे, शत्रूंच्या चाली, सगळं रॉम चिपमध्ये साठवलेलं. आवाजासाठी मात्र कॅपकॉमनं एक खास प्रोसेसर बसवला. त्याचं नाव काबुकी. आवाजाचा प्रोग्राम सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेला होता आणि त्याची किल्ली काबुकीच्या पोटात होती. ती किल्ली जिवंत राहायची एका बॅटरीवर. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, आणि नवी बॅटरी घातली तरी ती परत येत नाही. नकली बोर्ड बनवणाऱ्यांना अडवायला केलेली ही सोय. कंपनीचं नुकसान होत होतं, तिनं बंदोबस्त केला, यात गैर काही नाही. पण बॅटरी वीसेक वर्षांत मरते आणि त्यासोबत अस्सल बोर्डही जायबंदी होतो. संग्राहक तिला सुसाइड बॅटरी म्हणतात.

आणि नकली बोर्ड? ते बनवणाऱ्यांनी काबुकी काढूनच टाकला. मुस्तफाच्या काही नकली बोर्डांवर आवाजासाठी एक साधा, स्वस्त पीआयसी कंट्रोलर आणि ओकी कंपनीची चिप आढळते. आवाज त्यामुळे वेगळा येतो, चपटा आणि तुटक. पण तिथं किल्ली जिवंत ठेवणारी बॅटरी नाही, म्हणून मरण्याचं ते एक कारणही नाही. आपल्या पार्लरमध्ये नकली बोर्ड सर्रास चालायचे. म्हणजे लहानपणी कित्येकांनी ऐकलेला मुस्तफा कॅपकॉमनं रचलेल्या आवाजातला नसेलही. जपायचा कोणता मग? माझ्या मते दोन्ही. अस्सल हा कॅपकॉमच्या कारागिरीचा पुरावा आहे, नकली हा आपल्या गल्लीचा.

(दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर गेमचं पहिलं चित्र. शेजारी रॉम वाचण्याचं यंत्र, त्यात एक चिप.)

ही दोन्ही रूपं आज चालतात ती मेम नावाच्या इम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी मेमची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. तेव्हापासून जगभरातली माणसं त्यावर काम करत आली आहेत, बहुतेक सगळी रात्री, नोकरी सांभाळून, बिनपगारी.

कामाची रीत अशी. बोर्डावरच्या रॉम चिप सोडवून घ्यायच्या. एकेक चिप वाचण्याच्या यंत्रात बसवायची आणि आतला मजकूर बाइटन्‌बाइट फाइलमध्ये उतरवायचा. याला डम्प म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या बोर्डावरून घेतलेल्या डम्पशी तो ताडून बघायचा, एक बिटही इकडचा तिकडं झालेला चालत नाही. पण फाइली म्हणजे गेम नव्हे. त्या फाइली ज्या प्रोसेसरसाठी लिहिल्या, तो प्रोसेसर आणि त्याच्या भोवतीची प्रत्येक चिप आता सॉफ्टवेअरमध्ये उभी करायची असते. कुठली चिप कुणाला कधी इशारा देते, चित्राची ओळ काढायला किती वेळ लागतो, नाणं पडल्याचं प्रोसेसरला कसं कळतं, हे सगळं त्यात येतं. मेमच्या सोर्स कोडमध्ये या यंत्रांची रचना इतक्या बारकाईनं नोंदलेली आहे की दुरुस्ती करणारे लोक तो कोड सर्किटच्या नकाशासारखा उघडून बसतात. काबुकीच्या किल्ल्याही तिथं लिहिलेल्या आहेत. मुस्तफाच्या किल्लीतला पहिला आकडा ७६५४३२१०, सातापासून शून्यापर्यंत उलटे मोजलेले अंक! एवढ्याशा आकड्यांवाचून बोर्डचे बोर्ड मुके झाले. पुढं हौशी अभ्यासकांनी काबुकीत ही किल्ली पुन्हा भरायची युक्तीही शोधली आणि ती सगळ्यांना खुली केली.

कॅपकॉमच्या बोर्डांची पुढची पिढी, सीपीएस-२, याहून कडक होती. तिथं आवाज सोडून थेट मुख्य प्रोग्रामच कुलपात ठेवलेला. ते कूट पूर्णपणे सुटायला २००७ उजाडलं, आणि सोडवणाऱ्यांत साल्मोरिया स्वतः होते. काही चिप तर बाहेरून वाचताच येत नाहीत, कारण त्यांना कारखान्यातच वाचनबंदी घातलेली असते. अशा चिपचं वरचं आवरण ॲसिडनं विरघळवून, आतलं सिलिकॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून फोटो काढतात आणि त्या फोटोतून शून्य आणि एक वाचतात. चिप त्यात खर्ची पडते. एका चिपच्या मोबदल्यात गेम कायमचा हाती येतो.

एवढं करूनही पार्लरमधला मुस्तफा जसाच्या तसा येत नाही, हेही सांगायला हवं. त्याचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं. ते काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबवर पडायचं, तेव्हा ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळायच्या आणि चेहरे गोलसर दिसायचे. चित्रकारांनी तीच ट्यूब डोळ्यांपुढं ठेवून रंगवलेलं होतं. सपाट पडद्यावर तेच चित्र विटांसारखं दिसतं. म्हणून इम्युलेटरमध्ये ट्यूबचा भास देणारे फिल्टर लिहिले गेले. काही जण मिस्टर या प्रकल्पाकडे वळलेत. तिथं एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी बदलता येणाऱ्या चिपच्या आत जुन्या बोर्डाचं सर्किटच पुन्हा घडवतात.

(दृश्य: मुंबईतील एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या पायऱ्या. मग पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय.)

कायद्याशी मात्र या सगळ्याची गाठ सुटत नाही. मेम चालवण्यात अडचण नाही. अडचण आहे ती गेमच्या रॉमची, म्हणजे चिपमधून उतरवलेल्या फाइलींची. मेमचे कार्यकर्ते रॉम वाटत नाहीत, कारण त्यांचा कॉपीराइट कंपन्यांकडे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. १९९३ चा गेम खुला व्हायची वाट पाहायची तर तोवर बॅटऱ्याही नसतील आणि रॉमही. अमेरिकेत ग्रंथालयांनी मागणी केली होती की बाजारात न मिळणारे गेम अभ्यासकांना दुरून, इंटरनेटवरून वापरू द्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती नाकारली. लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील, ही त्यामागची एक भीती. निर्मात्यांचा हक्क मला मनापासून मान्य आहे. पण स्वतः विकायचंही नाही आणि ग्रंथालयाला दाखवूही द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

मुंबईच्या या पायऱ्या चढून गेलं की सेंट्रल लायब्ररी लागते. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकांना प्रत्येक पुस्तकाची प्रत इथं द्यावी लागते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते होईपर्यंत उशीर झालेला होता. १९३१ चा आलम आरा, भारताचा पहिला बोलपट, आज एका फुटापुरताही उरलेला नाही. त्या १९५४ च्या कायद्यात पुस्तकं आली, नियतकालिकं आली. गेम त्यात नाहीत.

(दृश्य: डॉसचा काळा पडदा. मग पांढऱ्या कपड्यातला राजकुमार उडी मारतो.)

कधीकधी नशीब साथ देतं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कित्येकांनी चोरून खेळलेला प्रिन्स ऑफ पर्शिया जॉर्डन मेक्नर यांनी ॲपल टू या संगणकासाठी लिहिला, १९८९ मध्ये. त्याचा मूळ सोर्स कोड हरवलाच असं ते धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एक खोकं मिळालं, त्यात फ्लॉपी. जाणकारांनी खास यंत्रं लावून त्या वाचल्या आणि मेक्नर यांनी कोड सर्वांसाठी खुला केला.

ज्यांना खोकंच नव्हतं अशा गेमचं काय? १९९९ मध्ये मुंबईत विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स सुरू केली. बटणांच्या साध्या फोनवर चालणारे जावा गेम या कंपनीनं मोठ्या संख्येनं काढले. पुढं ती डिस्नेकडे गेली. ते गेम मोबाइल कंपन्यांच्या मेनूतून उतरायचे. त्यांना ना सीडी, ना बोर्ड, ना डबा. हँडसेट बदलला की गेम गेला. आपल्याच शहरात, आपल्याच माणसांनी केलेल्या या कामाची मला मुस्तफापेक्षाही जास्त काळजी वाटते. मुस्तफासाठी इटलीपासून जपानपर्यंत माणसं जागी आहेत. या जावा गेमसाठी जागायला आपणच आहोत. घरात जुना नोकिया किंवा सोनी एरिक्सन पडला असेल तर तो चार्ज करून बघा. आतल्या गेमच्या जार फाइली, म्हणजे जावा गेम ज्यात बांधलेला असतो त्या फाइली, काढता आल्या तर काढून ठेवा.

(दृश्य: एका दुकानाच्या माळ्यावर गोण्यांमागे उभं कॅबिनेट.)

आणि पार्लर चालवणारे, किंवा त्यांची मुलं हे बघत असतील तर त्यांच्यासाठी. बोर्ड भंगारात किलोवर देऊ नका. त्यावरची बॅटरी स्वतःहून उपटू नका, अस्सल बोर्ड असेल तर तिच्यासोबत किल्ली जाईल. बॅटरी फुगली असेल, गळत असेल तर लगेच जाणकाराला दाखवा. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, चिपवरचे आकडे वाचता येतील असे. आणि तुम्हाला आठवतंय तेवढं फोनवर रेकॉर्ड करा. कॅबिनेट कुणी बनवलं, सुताराला माप कुणी दिलं, बोर्ड कुणाकडून यायचे, जॉयस्टिक मोडली की कुठं दुरुस्त व्हायची. एका नाण्याला किती जीव ठेवले होते, आणि पोरं फार वेळ खेळायला लागली की गेम किती अवघड करून ठेवायचात. रॉममध्ये यातलं काहीच नाही.