खरखरीआडचा पियानो

रसिक श्रोतेहो, नमस्कार. जुन्या ध्वनिमुद्रिकांमधला पियानो आवडणाऱ्यांना 'तुम्हांला खरखरच आवडते' असे थट्टेने म्हटले जाते. वस्तुतः त्यांना ओढ असते ती त्या खरखरीआड वाजणाऱ्या हातांची.

मायक्रोफोनपूर्वी केवळ कर्ण्यातून आवाज टिपून होणाऱ्या ध्वनिमुद्रणात पियानोचे खर्जातले स्वर जवळजवळ हरवत. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि या वाद्याचा भरदारपणा तबकडीत उतरू लागला. तरीही मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटे मावत, आणि चुंबकीय फीत कापून-जोडून चुका दुरुस्त करण्याची सोय अजून दूर असल्यामुळे, स्वर चुकला तर ती बाजू आरंभापासून पुन्हा वाजवायची किंवा चूक पत्करायची, एवढेच वादकाच्या हाती असे. पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत जर्मन संगीतकार बीथोव्हनचे ३२ सोनाटे (पियानोसाठीच्या अनेक भागांच्या रचना) असेच मुद्रित केले. त्यांपैकी 'हॅमरक्लाव्हिअर' या सोनाट्याचा पहिला भाग त्यांनी बीथोव्हनने नोंदवलेल्या अतिद्रुत लयीत वाजवायला घेतला. बोटे जागोजागी अडखळतात, पण रचनेची झेप कुठेही खुंटत नाही.

माझा जीव मात्र अधिक जडला आहे तो पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो यांच्यावर. १९३३-३४ मध्ये त्यांनी मुद्रित केलेली संगीतकार शोपाँची प्रेल्यूड्स (पियानोसाठीच्या छोट्या रचना) लक्ष देऊन ऐका. डाव्या हाताचा स्वर किंचित आधी पडतो, उजव्या हाताचा सूर क्षणभर मागून येतो, आणि त्या विलंबामुळे चाल गायल्यासारखी वाटते. तबल्याचा ठेका अढळ असताना ख्यालगायक मुखडा जरा रेंगाळत आणतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. डावा हात लय सांभाळो, उजवा मोकळा राहो, अशी शोपाँचीच शिकवण असल्याचे त्याच्या शिष्यांनी नोंदवले आहे. आज मात्र दोन्ही हात एकाच क्षणी पडावेत अशी शिस्त असल्याने हीच लकब ढिलाई ठरते, आणि कोर्तोंचे चुकलेले स्वर (ते बरेच आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही) टीकाकारांच्या पथ्यावरच पडतात.

अशी मुद्रणे नव्याने प्रसिद्ध करताना काही तंत्रज्ञ खरखर इतकी खरवडून काढतात की तिच्याबरोबर वरचे नादही जातात आणि पियानो कापसात गुंडाळल्यासारखा बोलतो. त्यापेक्षा थोडी खरखर राहू दिलेली आवृत्ती निवडावी; दोन-चार मिनिटांत कान तिला सरावतो.