अंगठ्यातल्या सुया

बेलापूरचं दिवाळे गाव. होड्या लागल्यात, मावशी पाटीत मांदेली ओततायत. गर्दीतल्या या काकांच्या पायांकडे बघा. डाव्या चपलेचा पट्टा सैल सोडलाय. अंगठ्याचा सांधा लालबुंद, कातडी ताणून चकचकीत झालेली. रात्री चादर नुसती लागली तरी कळ मस्तकात जाते. हा गाऊट, म्हणजे सांध्यात स्फटिक साठून होणारा संधिवात.

आता ठाण्यातली ही लॅब. सांध्यात सुई घालून काढलेलं पाणी, त्यातला एक थेंब काचेवर. नुसत्या डोळ्यांना गढूळ दिसतो, एवढंच. सूक्ष्मदर्शकात ध्रुवीकरणाच्या काचा बसवल्या आणि... थांबा, फोकस होऊ द्या. गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या सुया! ९० अंशांत फिरवलं, त्याच सुया निळ्या. हे युरिक अ‍ॅसिड या शरीरातल्या टाकाऊ पदार्थाच्या क्षाराचे स्फटिक. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या डच लेव्हेनहूकनं १६७९ मध्ये गाऊटच्या गाठीत ते पाहिले होते. सांध्यातल्या पाण्यात त्यांची अशी ओळख पटवली ती मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी, १९६१ मध्ये. काही सुया पांढऱ्या पेशींनी गिळलेल्या दिसतायत. आग पेटते ती इथेच.

रक्तातलं युरिक अ‍ॅसिड १०० मिलिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहत नाही. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, त्यामुळे थंड. स्फटिक बहुधा तिथे आधी धरतात. गंमत म्हणजे ऐन दुखण्यात रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो.

दोष मात्र सगळा ताटावर. घरोघरी आधी डाळ बंद होते, मग पालक. बिचाऱ्या डाळीचा तसा काही गुन्हा नाही. बिअर, कलेजी, मांदेली-तारली, गोड शीतपेयं यांचा आहे, पण तोही पुरता नाही. निम्म्याहून जास्त युरिक अ‍ॅसिड शरीर स्वतःच तयार करतं, आणि बहुतेकांचं अडतं ते बाहेर टाकण्यात, म्हणजे किडनीत. म्हणूनच अंगठा बघून झाल्यावर डॉक्टर काकांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधतायत, शुगर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) लिहून देतायत. बीपीच्या जुन्या गोळ्यांची चिठ्ठीही मागून घेतली. त्यातली लघवीची गोळी युरिक अ‍ॅसिड वाढवते. मुतखडा, किडनीचे आणि हृदयाचे विकार गाऊटच्या जोडीनं येतात.

पेनकिलर दुखण्यापुरती. युरिक अ‍ॅसिड कमी करणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी मात्र दुखत नसतानाही रोज, युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली राहील अशा बेतानं. पहिल्या काही महिन्यांत साठलेले स्फटिक सुटू लागले की अंगठा पुन्हा उठतो आणि लोक नेमके तेव्हाच गोळी सोडतात. तेवढ्यासाठीच डॉक्टरांनी सोबत कॉल्चिसिन हे सूज आवरणारं औषध दिलंय.