खाकी कोणाच्या पगारावर?

श्रोतेहो, नमस्कार.

वीजचोरी पकडणाऱ्या पथकात मी नोकरीची शेवटची चौदा वर्षं काढली आणि त्यांतला बराचसा वेळ पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून काढला. सकाळी साडेनऊला बंदोबस्ताचं पत्र द्यायचं. ठाणे अंमलदार ते वाचून पेपरवेटखाली ठेवायचे. मग गणपती असायचे, कुणा मंत्र्याचा दौरा असायचा, नाहीतर आदल्या रात्री कुठेतरी मारामारी झालेली असायची. दोन हवालदार मिळेपर्यंत बारा वाजत. तोवर वस्तीत फोन गेलेला असे. आम्ही पोहोचायचो तेव्हा आकडे उतरलेले, तारा गुंडाळून पाण्याच्या पिंपामागे, आणि पंखे बंद करून माणसं दारात वारा घेत बसलेली.

आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याचं, फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाचं, दर कटिंग चहामागे एकच म्हणणं असे: "साहेब, आम्हालाच पोलिसांचे अधिकार द्या ना. आठवड्यात सरळ करतो सगळ्यांना." मी मान डोलवायचो. वीज कंपन्यांच्या लोकांकडून ही मागणी आजही ऐकू येते. मी आता मान डोलवत नाही. का, ते सांगायला आज बसलोय.

आधी हे बघू, की कंपनीच्या माणसाला आज काय काय करता येतं. पुष्कळ करता येतं. 2003 च्या विद्युत कायद्याचं कलम 135 म्हणजे वीजचोरीचं कलम. राज्य सरकारने अधिकार दिलेला कंपनीचा अधिकारी चोरीचा संशय आला तर जागेत शिरू शकतो, कुलूप तोडू शकतो, झडती घेऊ शकतो, तारा, मीटर, उपकरणं जप्त करू शकतो. चोरी दिसली तर तिथल्या तिथे वीज तोडता येते. तोडल्यापासून 24 तासांत पोलिसांत लेखी तक्रार द्यावी लागते. 2007 च्या दुरुस्तीने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला. पहिल्यांदा सिद्ध झाला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि असा गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल, तर तुम्हीआम्हीसुद्धा त्या माणसाला धरून पोलिसांच्या हवाली करू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 43 होतं. आता नागरिक सुरक्षा संहितेत 40 आहे, आणि सहा तासांच्या आत हवाली करा, अशी मुदतही त्यात घातली आहे.

म्हणजे दार फोडता येतं, माल जप्त करता येतो, चोराला धरताही येतं. उरलं काय? माणूस ताब्यात ठेवणं, त्याची चौकशी करणं, जबाब घेणं. मागणी आहे ती एवढ्याची. आणि माझा नकार आहे तोही एवढ्यालाच.

2009-10 च्या सुमाराची गोष्ट आहे. उपनगरातला प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा, पंधरा बाय वीस. टाँग टेस्टर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजायचा चिमटा, लावला तर येणाऱ्या केबलवर 38 अँपिअर, आणि मीटर दाखवतोय 6. उरलेलं सगळं डायरेक्ट, मीटरच्या अलीकडूनच भिंतीतून नेलेलं. मालक जागेवर नाही. मशीनवर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, बनियन घामाने चिकटलेलं, बोटांना गरम प्लास्टिकचे चटके. आमच्या सुरक्षा रक्षकाने त्याची मानगूट धरली आणि त्याला जीपमध्ये नेऊन बसवलं. मालक येईपर्यंत हलायचं नाही. मी बॉनेटवर पंचनामा लिहीत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो. चोरी पकडल्याच्या आनंदात होतो. दीडदोन तास तो पोरगा जीपमध्ये बसून होता, काचा वर केलेल्या.

बंदोबस्ताचे हवालदार आले. जीपमध्ये डोकावले आणि पहिलाच प्रश्न मला: "साहेब, मीटर याच्या नावावर आहे?"

नव्हता. गाळा त्याचा नव्हता, धंदा त्याचा नव्हता. रोजावर होता तो. आमच्या सात जणांच्या पथकात हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता. हवालदाराने त्याला खाली उतरवलं, पाणी पाजलं आणि मालकाचा नंबर मागितला. अर्ध्या तासात मालक हजर.

तो हवालदार संत होता, असं मी म्हणत नाही. ठाण्यात काय काय चालतं ते त्या बाकावर बसून मी पुरेसं पाहिलंय. पण त्या दिवशी चोरी सापडली काय, न सापडली काय, त्याच्या पगारात फरक पडणार नव्हता. आमच्या कचेरीत मात्र फळ्यावर महिन्याच्या वसुलीचं टार्गेट खडूने लिहिलेलं असे. चोरी पकडली की बिल आम्हीच काढणार, पैसे आमच्याच खात्यात येणार. ज्याची उधारी थकलीय त्याच्याच हातात बेड्या दिल्या, तर तो आधी वसुली बघणार की मीटर कोणाच्या नावावर ते?

कुणी म्हणेल, रेल्वेत नाही का आरपीएफ, रेल्वेचं स्वतःचं सुरक्षा दल? आहे की. लोकलने फिरणाऱ्याला फलाटावर दोन प्रकारची खाकी दिसते. लोहमार्ग पोलीस राज्याचे, आरपीएफ रेल्वेचं. आरपीएफचा कायदा 1957 चा. 1966 च्या दुसऱ्या एका कायद्याने त्यांना रेल्वेच्या चोरलेल्या मालाबाबत वॉरंटशिवाय अटक आणि चौकशी करायचे अधिकार मिळाले. पण त्यात एक मेख आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यापासूनचा नियम. कबुल्या कशा मिळवतात ते इंग्रजांनाही चांगलं ठाऊक होतं. आरपीएफचा अधिकारी मात्र या नियमापुरता पोलीस नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवलं. म्हणजे त्याच्यापुढची कबुली पुराव्यात येऊ शकते. अर्धा पोलीस पूर्ण पोलिसापेक्षा जड पडतो तो असा. आणि आरपीएफ निदान केंद्र सरकारचं दल आहे. कंपनीचा रक्षक बहुतेकदा एजन्सीकडून आलेला असतो, बारा तासांच्या पाळीवर. त्याच्यासाठी असलेल्या 2005 च्या कायद्यात तर पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घालणं हाच गुन्हा आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाने हा प्रयोग फार पूर्वी करून पाहिलाय. 1860 च्या दशकात तिथल्या सरकारने आधी रेल्वे कंपन्यांना आणि मग कोळसा-लोखंडाच्या मालकांना स्वतःचे पोलीस नेमायची मुभा दिली. माणशी एक डॉलर फी भरा आणि अधिकारपत्र घेऊन जा! संपकरी कामगारांवर ते पोलीस कसे चालले असतील, ते गिरणगावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1929 मध्ये एक खाणकामगार त्यांच्या मारहाणीत मेला, तेव्हा कुठे ती व्यवस्था आवरायला सुरुवात झाली.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. मुंबईत शीवच्या अलीकडे बेस्टचा माणूस मीटर काढायला गेला आणि कुणी हात उगारला, तर तो महापालिकेच्या उपक्रमाचा नोकर म्हणून लोकसेवक ठरतो, आणि लोकसेवकावर हल्ल्याचं कलम लागतं. शीवच्या पलीकडे खाजगी कंपनीच्या वायरमनला तेच काम करताना तोच फटका बसला, तर त्याच्या वाट्याला साधी मारहाण येते. हे चूक आहे. काम करणाऱ्याला संरक्षण द्या, जरूर द्या. पण मार खाणाऱ्याचं संरक्षण आणि अटक करणाऱ्याचा अधिकार, हे दोन कागद वेगळे ठेवा.

सबस्टेशनचीही गोष्ट निराळी. रात्री कुंपणावरून येऊन अर्थिंगची तांब्याची पट्टी कापून नेतात, आणि ती सकाळी भंगारात किलोवर जाते. तांब्याचे दोनचार हजार मिळत असतील, पण अर्थिंग गेलेल्या यार्डात दुसऱ्या दिवशी हात घालणाऱ्या फिटरच्या जिवाशी खेळ असतो. त्या कुंपणाच्या आत कडक पहारा हवा. लागेल तिथे सरकारी दल मागवा. राज्याचं सुरक्षा महामंडळ 2010 च्या कायद्याने त्यासाठीच आहे, मेट्रोत त्यांचे जवान तुम्ही पाहिले असतील. कुंपणाच्या बाहेर, लोकांच्या उंबऱ्यावर, मला तो हवालदारच हवा. उशिरा येणारा का होईना. उशीर होतो तर पथकांसाठी वेगळे पोलीस द्या, ठाण्याच्या रोजच्या बंदोबस्ताला न जुंपलेले. वीजचोरीसाठी वेगळी पोलीस ठाणी आपल्या राज्याने काढून पाहिलेली आहेत.

तोवर तुमच्या दारात पथक आलंच, तर काय करायचं? ओळखपत्र मागा. सूर्यास्तानंतर राहत्या घरात झडतीला येता येत नाही, घरातला प्रौढ पुरुष हजर असेल तरच येता येतं. बायका हजर असून का चालत नाही, ते कायदा करणाऱ्यांनाच विचारायला हवं, पण नियम आहे तो असा. झडतीच्या वेळी तिथेच उभे राहा. जप्त केलेल्या वस्तूंची यादी तुमच्यासमोर व्हायला हवी आणि तुमच्या हातात मिळायला हवी. पंचनामा पूर्ण वाचा, घाई करतील तरी वाचा. आणि शेवटच्या ओळीखाली कागद कोरा राहिला असेल, तर आधी त्यावर तिरकी रेघ मारा, मग सही करा.

नमस्कार.