चोरी झाली की पोलीस आधी वाडीवर

ओहोटी लागली आहे. खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरलेली ही कातकरी आदिवासी बाई बघा. खेकड्याच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालून, नांगी चुकवत तिने खेकडा बाहेर काढला, दोरीने करकचून बांधला आणि टोपलीत टाकला. पेण, रोहा, अलिबाग, मुरुड... रायगडच्या या पट्ट्यात कातकऱ्यांनी धरलेले खेकडे सगळ्यांना हवे असतात, वीटभट्टीवर त्यांचे कष्टही हवे असतात. गावात चोरी झाली की मात्र पहिला संशय त्यांच्याच वाडीवर.

हा काही एखाद्या हवालदाराचा स्वभावदोष नाही. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अमक्या जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगारच! बोटांचे ठसे द्या, हजेरी लावा, परवानगीशिवाय हलू नका. त्या काळच्या सरकारी कागदांनी कातकऱ्यांवरही चोरीचा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. नजर राहिली.

या नजरेने काय होतं ते नाशिकजवळच्या 2003 च्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या खटल्यात दिसलं. साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळीच चार माणसं ओळखली होती. पोलिसांनी तो धागा सोडला आणि भटक्या जमातीतल्या सहा जणांना गोवलं. त्यांना फाशी सुनावली गेली. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच आधीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई दिली. ज्या कुटुंबावर तो दरोडा पडला, त्याला तरी यातून कसली सुरक्षितता मिळाली?

आणि पोलीस वाडीलाही हवे असतात. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा उचल फिटलेलीच नसते. अशा कर्जात बांधून राबवणं म्हणजे वेठबिगारी, आणि ती 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण ज्या ठाण्यातले लोक रात्री येऊन पोरांना उठवून नेतात, त्याच ठाण्याची पायरी तक्रारीसाठी कोण चढेल? मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की अनुसूचित जाती-जमातींतला किंवा मागास समाजातला आहे एवढ्यावरून कुणाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत, चढवू नका. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरच्या निकालाने तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्याच्या शिक्क्यातून सुटलेल्या जमातींच्या, मनमानी अटकेला आळा घालायला सांगितलं. निकाल चांगले आहेत. पण ठाण्यातल्या वह्या बाहेरच्या कुणी उघडून बघितल्याशिवाय ते वाडीपर्यंत पोचणार नाहीत.

तोवर एवढं तरी वाडीवर माहीत हवं. ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर तीच तक्रार लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. रायगडच्या अधीक्षकांचं कार्यालय अलिबागला आहे. ते पत्र लिहून द्यायला कुणीतरी लागेल: शाळेतले गुरुजी, आशाताई, संघटनेचा कार्यकर्ता, किंवा हे बघणारे तुम्ही.