तीन अनोळखी माणसांत चौथा

श्रोतेहो, नमस्कार.

परवा बुधवारी दुपारी दीड वाजता मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका खानावळीत शिरलो. चुकलंच माझं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडं मटणाचे वार. दारातच दहा-बारा माणसं ताटकळलेली. गल्ल्यावरचे मालक एका हातानं सुटे पैसे मोजत, दुसऱ्यानं पार्सलच्या पिशव्या पुढं सरकवत होते. मी "एकटाच आहे" म्हणालो, तसा त्यांनी वर न बघताच आवाज दिला, "एकटं पावणं हाय, कोपऱ्यात घे रे!"

कोपऱ्यात तिघं आधीच जेवत होते. मार्केट यार्डात गूळ घालून आलेले शिरोळकडचे काका, औषधांची जाडजूड बॅग मांडीवर घेतलेला एक तरुण, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पुण्याचे गृहस्थ. त्यांची बायको-मुलं पलीकडच्या शाकाहारी हॉटेलात बसली होती. यांनी दर्शन उरकून इकडं वाट वाकडी केली होती!

ताट आलं. भाकरी, सुकं मटण, दही-कांदा, तांबडा आणि पांढरा रस्सा. पुणेकरांनी तांबडा भीत भीत चाखला, कपाळ पुसलं आणि पांढऱ्याच्या वाटीकडं बोट केलं, "हे आधी प्यायचं की नंतर?"

काका म्हणाले, "आधी, मधी आणि नंतर. वाटी तोंडाला लावा."

बाहेरगावी कोल्हापुरी म्हटलं की नुसता जाळ, असा समज आहे. भाजीत ओंजळभर तिखट घालायचं आणि तिला कोल्हापुरी म्हणायचं, हा धंदा मला कधीच पटला नाही. आपल्या तांबड्याला रंग आणि चव येते ती कांदा-लसणाच्या चटणीनं. आणि पांढऱ्यात तर लाल तिखटाचा कणही नसतो. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, वर खड्या मसाल्याची फोडणी. नारळाचं दूध पडल्यावर फार उकळलं की रस्सा फुटतो, म्हणून आचारी तिथून हलत नाही. जीभ भाजली की पांढरा, पांढऱ्यानं निवली की पुन्हा तांबडा.

जेवता जेवता काकांनी सगळ्यांना गाव विचारलं. "गाव कंचं?" आडनाव मात्र कुणीच कुणाला विचारलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो, कारण तिथून जवळच्याच भाऊसिंगजी रोडवर शाहू महाराजांच्या काळात गंगाराम कांबळे यांचं हॉटेल होतं. त्यांची जात तेव्हा अस्पृश्य मानली जायची. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला होता. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतःच गाडी थांबवून तिथला चहा मागवायला लागले. सोबतच्या मंडळींनाही तोच चहा. आता राजानं पुढं केलेला कप नको कोण म्हणणार? 1919 साली महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायला हुकूम काढून बंदी केली, पण हुकमापेक्षा मला तो चहाच जास्त आठवतो.

एवढ्यात माझ्या खुर्चीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. ही आपल्या खानावळीतली जुनी पद्धत, तोंडानं काही म्हणायचं नाही, नुसतं पाठीशी उभं राहायचं. मला मात्र तिसऱ्या वाटीची घाई करवेना. माझी अडचण काकांनी ओळखली. शेवटचा घोट घेऊन ते उठले, खांद्यावरच्या टॉवेलानं आपली खुर्ची पुसली आणि मागच्या माणसाला म्हणाले, "बसा हितं. आणि वाढप्याला आत्ताच हाक मारा, पांढरा तळाला आलाय."